अक्काचा आवाज मी वांग्याला दिला

धुळ्यात कुणाच्या लग्नाला गेलं की मांडवात एक प्रश्न ठरलेला असतो. "सध्या काय करतोस?" मी सांगतो, "खेळ बनवतो." समोरचा समजल्यासारखी मान हलवतो. एकदा एका नानांनी मला बाजूला घेऊन, नातवासाठी चांगली बॅट कुठल्या लाकडाची घ्यावी, असं विचारलं होतं. दुसऱ्या एका गृहस्थांना कॅरम बोर्डाला कुठली पावडर लावावी ते हवं होतं. मी दोघांनाही सविस्तर उत्तर दिलं. सव्वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर माणसाला कशाचंही उत्तर देता येतं.

तर मी व्हिडिओ गेम बनवतो. पुण्यात आमची अकरा जणांची छोटी कंपनी आहे. आमचा एक खेळ बरा चालला. त्याचं नाव 'चिंगी'. हातात धरून खेळायचा जो छोटा कन्सोल असतो, त्यावर तो चालतो आणि कन्सोल टीव्हीला जोडला तर घरादाराला बघता येतो. मारामारी नाही, रक्त नाही, आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी खेळावा असा रंगीबेरंगी खेळ. या अंकाच्या संपादकांनी कळवलं की खान्देशात घडणारा हा खेळ कसा तयार झाला ते अभिमानाने लिहा. मी लिहायला बसलो. अभिमान दीड पानात संपला. उरली ती लाज, आणि ती लिहायची की नाही यावर मी दोन आठवडे काढले.

आधी खेळ समजावून सांगतो. या प्रकाराला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात, पण रेल्वेच्या फलाटाशी त्याचा काही संबंध नाही. एक छोटं पात्र डावीकडून उजवीकडे धावतं, या कट्ट्यावरून त्या कट्ट्यावर उड्या मारतं, खड्डे चुकवतं, आणि कोणी आडवं आलं तर त्याच्या डोक्यावर उडी मारून त्याला चपटं करतं. एवढंच. पण ती उडी जमवायला आम्हाला सात महिने लागले. उडी फार हलकी झाली तर पात्र फुग्यासारखं तरंगतं, जड झाली तर पोतं फेकल्यासारखं वाटतं. शिवाय त्यात आमची एक लबाडी असते. खेळणाऱ्याचा पाय कड्यावरून सुटला, तरी पुढचा निमिषभर आम्ही त्याला उडी मारू देतो. त्याला वाटतं, अगदी टोकावरून मारली! खरं म्हणजे तो केव्हाच पडलेला असतो. हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि येऊ नये यासाठीच आम्हाला पगार मिळतो. धुळ्याच्या एका आजोबांचं मात्र रागाचं पत्र आलं. त्यांची नात ओट्यावरून आधी पाय सोडते आणि मग हवेत उडी मारायला बघते, असं त्यात होतं. त्यांना मी दोन पानी माफीपत्र पाठवलं आणि नातीसाठी वेगळी चिठ्ठी जोडली.

चिंगी ही फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची, आठ-नऊ वर्षांची पोर. ती केळीच्या घडांवरून उड्या मारते, कापसाच्या ढिगावर पडली की चेंडूसारखी उसळते, एसटीच्या टपावरून धावते आणि शेवटी सातपुड्यात पोचते. तिला आडवी येतात ती वांगी. गोल, हिरवीगार, देठाची टोपी घातलेली, दोन तुरुतुरु पायांची वांगी. चिंगीने डोक्यावर उडी मारली की वांग्याचं भरीत होतं. खरंखुरं भरीत, वर कांद्याची पात आणि शेंगदाण्यांसकट. ही कल्पना माझी. आजही ती आठवली की मला हसू येतं, आणि मग लगेच ते जिरतं.

या वांग्यांसाठी मी भांडलो होतो. आमची चित्रकार मधुरा मूळची पुण्याची. तिने पहिल्यांदा वांगी जांभळी काढली. मी म्हटलं, भरताचं वांगं हिरवं असतं. तिला ते कच्चं वाटायला लागलं. शेवटी मी जळगावहून पिशवीभर वांगी आणली आणि कंपनीच्या स्वयंपाकघरात गॅसवर भाजली. धुराने आगीची घंटा वाजली, पाच मजली इमारत खाली उतरली, आणि सुरक्षारक्षकाने सगळ्यांसमोर मला विचारलं, "साहेब, हातात काय आहे?" मी म्हटलं, "वांगं." त्या दिवशी दुपारी सगळ्यांनी भरीत-भाकरी खाल्ली आणि मधुराने मुकाट्याने रंग बदलला. गावाकडच्या गोष्टी जशाच्या तशा आल्या पाहिजेत, असं मी बजावून सांगायचो. केळीच्या पानाला वाऱ्याने चिरा कशा पडतात, कापसाचं बोंड किती फुटतं, यावर मी लोकांचं डोकं खाल्लं.

मग आवाजांची बैठक झाली. मधुरानेच विचारलं, "चिंगी तिकडची आहे ना? मग ती तिकडचंच बोलेल ना?"

खोलीत मी एकटा खान्देशी होतो. उत्तर माझ्याकडेच होतं, आणि मी ते क्षणात दिलं. "नाही. चिंगी शुद्ध बोलेल. पालकांना तेच आवडतं."

"आणि वांगी?"

"वांग्यांना देऊ आपण अहिराणी. मजा येईल."

कुणी माझ्यावर दबाव आणला नव्हता. दोन्ही वाक्यं माझीच होती. वांग्याच्या रंगासाठी इमारत रिकामी करणाऱ्या माणसाने भाषेसाठी चकार शब्द काढला नाही, उलट ती स्वतःच्या हाताने शत्रूला देऊन टाकली. का दिली, तेही मला ठाऊक आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुण्याच्या वसतिगृहात मी "माले पानी दे" म्हणालो होतो. पुढे सहा महिने माझं नाव 'माले' होतं. 'आहे'ला शे आणि 'मला'ला माले म्हणणं मी महिनाभरात गिळून टाकलं आणि इतकं स्वच्छ बोलायला लागलो की मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं. त्यानंतर अहिराणी मला एकाच कामाला उरली. मित्रांच्या बैठकीत नक्कल करून हसवायला.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. खरा आवाज देणारे कलाकार शेवटी येतात. तोवर काम अडू नये म्हणून घरच्या-दारच्या कुणाचा तरी कच्चा आवाज भरून ठेवतात. मी तो अक्काचा भरला.

अक्का ही माझी थोरली बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई शेतावर असायची, त्यामुळे मी बोलायला शिकलो तो अक्काच्या कडेवर. तिचं सासर शिरपूरजवळच्या एका खेड्यात आहे. घरी कापूस, मुलगा, सून आणि पूर्वा नावाची नात. अक्काचं बोलणं ऐकायला बायका मुद्दाम कापूस वेचताना तिच्या शेजारची ओळ धरायच्या. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे माहेरवाशिणी झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि दोन बाजूंच्या पोरी एकमेकींना तोंडभरून शिव्या घालतात. तो मानच असतो त्या दिवसाचा. त्यात अक्काला तोड नव्हती. तिची शिवी ज्या पोरीला बसायची तीच आधी हसायची.

मी फोन घेऊन तिच्यासमोर बसलो. लहान मुलांच्या खेळात तुझा आवाज घालणार आहे, एवढंच सांगितलं. कोणाच्या तोंडी, ते सांगितलं नाही. आवाज काढून घ्यायची युक्ती अशी असते की माणसाला प्रसंग द्यायचा, वाक्य द्यायचं नाही. मी म्हटलं, "समज, तुला कोणी मागून धक्का दिला."

"ओ माय व! कोन शे रे तो? दखीसन चाल ना!" म्हणजे, बघून चाल की.

"समज, तू पडलीस."

"कंबर मोडनी ना मनी!" असं म्हणून ती स्वतःच इतकी हसली की ते हसूही मी ठेवलं. तासाभरात तीसेक वाक्यं झाली. निघताना तिने विचारलं, "भाऊ, मना आवाज चालई ना तुले?" मी म्हटलं, "पळेल."

आणि पळालाच. कच्चे आवाज शेवटी काढून टाकायचे असतात, पण कंपनीतलं एकही माणूस अक्काला काढू देईना. नंतर आम्ही पुण्यातल्या काही मुलांना बोलावून खेळ खेळायला दिला. आम्ही काही न बोलता मागे बसतो आणि मुलं कुठे अडतात, कुठे हसतात ते वहीत टिपतो. मुलं वांग्याने तोंड उघडलं की हसत होती. नुसती ती वाक्यं ऐकायला मागे जाऊन पुन्हा वांगी तुडवत होती. त्यात एक चष्मेवाली मुलगी होती. तिने खेळ थांबवून मला विचारलं, "काका, वांगी वाईट आहेत म्हणून अशी बोलतात, की अशी बोलतात म्हणून वाईट आहेत?"

मी तिला गोळी दिली. वहीत लिहिलं, "शत्रू आवाजावरून चटकन ओळखू येतो. उत्तम." ती वही अजून माझ्या खणात आहे. माझ्या अक्षरातलं ते 'उत्तम' मी कितीदा तरी वाचलं आहे. फाडायचं धाडस झालं नाही.

खेळ बाजारात आला. पत्रं आली. बोदवडहून एका माणसाने फार प्रेमाने लिहिलं होतं. त्यांच्या पूर्वेकडच्या भागात बोली वेगळी, तर पुढच्या खेळात एखादं वांगं आमच्याकडचंही घ्या, अशी विनंती होती. नायिका नको होती त्यांना. एखादं वांगं. मी ते पत्र कंपनीत मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळे हसले, मीही.

पुढच्या आखाजीला मी कन्सोल घेऊन अक्काकडे गेलो. घर भरलेलं होतं. पुरणपोळीचं जेवण झालं होतं, बाहेर कडुलिंबाला झोका होता, आणि मी मोठ्या रुबाबात कन्सोल टीव्हीला जोडून पूर्वाच्या हातात दिला. अक्का पदराला हात पुसत पुढे येऊन बसली. पहिलं वांगं आलं आणि म्हणालं, "कोन शे रे तो?"

"अरे, हाऊ तं मना आवाज शे!" अक्का ओरडली. घरात नुसता कल्ला झाला. सुनेने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या. अक्काचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी गोष्ट बरी केली.

मग पूर्वाने उडी मारली. "कंबर मोडनी ना मनी!" आणि भरीत.

पुन्हा हशा. पूर्वाचा हात चांगला होता. दुसरं वांगं, तिसरं, चौथं. दर वेळी अक्का बोलत होती आणि दर वेळी चिंगी तिला तुडवून शुद्ध मराठीत म्हणत होती, "छान! पुढे चला!" अक्का हसत होती, पण आता ती पडद्याकडे कमी आणि नातीकडे जास्त बघत होती.

"हायी पोर कोन शे?" तिने मला विचारलं.

"ती नायिका आहे, अक्का. चिंगी."

"आपलीच शे ना? केळीना मळामा फिरस ती."

"हो, आपल्याकडचीच."

"मंग ती आपलामायक काबरं नही बोलस?"

ती आपल्यासारखी का बोलत नाही, यावर मी काहीतरी बोललो. सगळीकडच्या मुलांना कळायला पाहिजे, असं काहीसं. तिने ऐकून घेतलं. "आन् मी कोन शे?"

"तू वांगं आहेस," पूर्वा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. दारातल्या बायका हसून हसून वाकल्या. अक्काही हसली. तिला हसणं भाग होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. ती उठून चहा टाकायला गेली. मी तिच्या मागे जायला हवं होतं. मी बसून राहिलो आणि पुढचा टप्पा कसा पार करायचा ते पूर्वाला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने नातीला हाक मारली, "पूर्वा, आठे ये, येनी घालस तुनी." पूर्वा शिरपूरच्या इंग्रजी शाळेत जाते, पण घरात आजीशी तिची अहिराणीच होती. आदल्या दिवसापर्यंत होती. ती मागे न वळता म्हणाली, "आजी, वांग्यासारखी नको ना बोलू."

पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीला आम्ही जे शिकवलं ते ती म्हणाली. शिकवणं हाच तर आमचा धंदा आहे. शंभर वेळा एक गोष्ट दाखवायची, दर वेळी त्यावर उडी मारायला लावायची, दर वेळी गुण द्यायचे. अक्काने तिची वेणी घातली. मी त्याच दुपारी धुळ्याला येऊन पुण्याची बस पकडली, बहाणा कामाचा होता.

काही दिवसांनी भाच्याने, म्हणजे अक्काच्या मुलाने, सहज फोनवर सांगितलं की आई हल्ली घरात फार बोलत नाही. बोललीच तर पूर्वाशी तिच्या शाळेसारखं बोलते. शेतात बायकांमध्येही गप्पच असते. तो हे कौतुकाने सांगत होता. आई सुधारली, असं त्याला वाटत होतं.

मी कंपनीत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं लोक म्हणतील, एवढं काय मनावर घेतोस. कुणी तसं म्हणालं नाही. मधुरा एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं तुला." आम्ही ठरवलं की खेळाच्या नव्या आवृत्तीत चिंगीच अहिराणी बोलेल आणि वांगी नुसती फुसफुसतील. आवाज कोणाचा, यावर चर्चाही झाली नाही.

यंदा पावसाळा सरल्यावर मी चांगलं रेकॉर्डिंग यंत्र घेऊन अक्काकडे गेलो. येतोय आणि या वेळी तुला नायिका करतोय, असं आधी कळवलं होतं. ती ओसरीत माझी वाट बघत बसली होती. लग्नाकार्याला नेसायची साडी, केस चापूनचोपून बसवलेले, डोळ्यांवर चष्मा. हातात वहीचा कागद होता. त्यावर पूर्वाने मोठ्या अक्षरात चिंगीची सगळी वाक्यं उतरवून दिली होती.

"बस. चहा घेतोस ना?" अक्का म्हणाली. मला क्षणभर वाटलं, दुसरंच कोणी बोललं.

मी यंत्र मांडलं. तिने घसा साफ केला, कागद डोळ्यांसमोर धरला आणि शाळेत उभं राहून वाचतात तसं वाचलं, "घाबरू नकोस. मी आले आहे." मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "शुद्ध आलं का? पूर्वाने महिनाभर करून घेतलं आहे. तुझ्या कंपनीत तुला मान खाली घालायला लागू नये."

मी तिच्यासमोर रडलो नाही, हे खरं आहे, पण ते फक्त यंत्र चालू होतं म्हणून. म्हणालो, "अक्का, असं नको. या वेळी चिंगी आपल्या बोलीत बोलणार आहे. तू आपल्या बोलीत बोल ना. चुकलं माझं. फार चुकलं."

तिने कागद मांडीवर ठेवला. चष्मा काढला.

"तू बोल ना पहिले," ती म्हणाली. "कितला वरीस व्हई गयात, तू मनासंगे आपली बोलीमा बोलनाच नही. मी बोलस, तू पुस्तकनं बोलस. माले वाटे, भाऊ मोठा व्हयना. आते माले समजनं. तुले लाज वाटे."

ती रागावली नव्हती. खरोखरच वाट बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं. "अक्का," म्हणालो, आणि पुढचा शब्द मला शोधावा लागला. बैठकीत नक्कल करताना जे घडाघडा यायचं, त्यातलं तिला म्हणण्याजोगं एकही वाक्य माझ्याकडे निघालं नाही.

मग तिने चष्मा लावला, कागद उचलला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पुढचं वाक्य सांगा."

माझ्या थोरल्या बहिणीने मला अहोजाहो केलं, आणि मी तिला पुढचं वाक्य सांगितलं.